कालिंदीबाईंचे एक्केचाळीस सेकंद

नागरी सुविधा मंडळाच्या पंचरंग सभागृहात कालिंदीबाईंनी गेल्या वर्षी बारसं केलं, ही गोष्ट शिवाजी पेठेत अजून चवीनं सांगितली जाते. सांगणाऱ्या प्रत्येकाला पक्कं माहीत असतं की कालिंदीबाई चोपन्न वर्षांच्या आहेत, बिनलग्नाच्या आहेत आणि त्या दिवशी तिथं त्यांच्या गायनवर्गाचा वार्षिक कार्यक्रम होता. माहीत असून सांगतात. पेठ आहे ती.

झालं होतं ते एवढंच. सभागृहाचं बुकिंग फक्त मंडळाच्या वेबसाइटवर होतं आणि कालिंदीबाईंना जन्मापासून दिसत नाही. शेजारचे अमरसिंह, म्हणजे तालमीच्या फुटबॉल संघाचे माजी बॅक आणि सध्याचे समालोचक, आपण होऊन म्हणाले, "बाई, तुम्ही कशाला तरास घेतायसा? मी हाय न्हवं! आत्ता भरून टाकतो की."

आणि टाकला अर्ज भरून. 'कार्यक्रमाचा प्रकार' या रकान्यात भली मोठी यादी उघडली. अंगठा जाड, मोबाइल लहान. 'संगीत सभा' राहिली बाजूला, निवडलं गेलं 'बारसे'. कार्यक्रमाच्या सकाळी तबलजी आत शिरला तर व्यासपीठावर गुलाबी फुगे आणि मधोमध पाळणा. सभागृहाचा व्यवस्थापक नियमाचा माणूस. बारशाला तीन तास मिळतात, बारशाला माइक मिळत नाही. बत्तीस विद्यार्थी बिनमाइकचे गायले. पाळणा शेवटपर्यंत जागचा हलला नाही, कारण तो पॅकेजमध्ये होता. यमन ऐन रंगात आला असताना मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "नाव काय ठेवलं?"

यंदा वर्गाला पंचवीस वर्षं पुरी होत होती. कालिंदीबाईंना डिसेंबरचा तिसरा रविवार हवा होता. त्याच सभागृहात, दिवसभर, माइकसकट. डिसेंबरचं बुकिंग एक नोव्हेंबरला सकाळी दहाला उघडतं आणि रविवार दहा मिनिटांत संपतात. ऑगस्टमध्येच त्यांनी जाहीर केलं, "यंदाचा अर्ज मी भरणार. माझ्या हातानं. कुणाचाही अंगठा मध्ये येता कामा नये."

आक्का म्हणजे थोरली बहीण. दोघी एकत्र राहतात. आक्कांचे दोन्ही डोळे शाबूत आहेत आणि दोन्ही टीव्हीवरच्या मालिकांना वाहिलेले आहेत. त्या म्हणाल्या, "मी देते की भरून."

"तू पासबुकाच्या जागी रेशनकार्ड घेऊन बँकेत गेलतीस."

आक्कांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

बाईंना संगणक येत नव्हता, असं कुणी समजू नये. पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर त्या वीस वर्षं वापरतात. त्याला त्या 'वाचक' म्हणतात. वाचकाचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवलाय की ऐकणाऱ्याला मिक्सर लावल्यासारखं वाटतं. बाईंना त्यातला शब्दन् शब्द कळतो. पेपर, पुस्तकं, पत्रव्यवहार सगळं त्यावर. ज्यांना दिसतं त्यांच्यापेक्षा बाई जास्त वाचतात. पण त्या रस्त्यावर आल्या की लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात. डोळे नाहीत म्हणजे कानही नसणार, असा आपल्या समाजाचा एक शोध आहे.

तर बाईंनी सरावासाठी मंडळाची वेबसाइट उघडली. वाचक म्हणाला, "चित्र. चित्र. चित्र. बटण. बटण. चित्र."

हॉटेलात काय काय आहे विचारल्यावर वेटरनं 'ताट, वाटी, ताट, वाटी' म्हणत सुटावं, तसं. बाई चिवट. अंदाजानं एकेक बटण दाबत त्या तीन दिवसांनी बुकिंगच्या पानावर पोचल्या. मधल्या काळात त्यांच्या हातून एका मोकाट कुत्र्याची तक्रार आणि झाड तोडण्याच्या परवानगीचा अर्ज, असे दोन अर्ज गेले. बाईंच्या दारात झाड नाही. तरी मंडळाचा माणूस पाहणीला येऊन गेला.

शेवटच्या पायरीवर एक चित्र आलं. त्यात वाकडीतिकडी अक्षरं होती, असं आक्कांनी सांगितलं. वर लिहिलं होतं : 'आपण माणूस आहात हे सिद्ध करण्यासाठी चित्रातील अक्षरे टाईप करा.'

चोपन्न वर्षं माणूस म्हणून काढल्यावर हे सिद्ध करायची वेळ आली, आणि तीही एका चित्रासमोर. बाईंनी संगणक बंद केला आणि साडी बदलली. साडी बदलली म्हणजे कुणाचं तरी आता खरं नाही, हे आक्कांना ठाऊक होतं.

मंडळाच्या संगणक विभागाचे प्रमुख गुरुप्रसाद फार गोड माणूस. गोड माणसं सरकारी कचेरीत मुद्दाम पुढं बसवतात, माणूस भांडायला येतो आणि न भांडताच घरी जातो.

"आमच्याकडं दिव्यांग बांधवांसाठी सगळी सोय आहे," ते म्हणाले. "नवीन रॅम्प केलाय."

"मला चालता येतं."

"व्हीलचेअर पण आहे."

"मला चालता येतं म्हटलं की. वेबसाइटचं बोला."

"बोलू हो. आधी बसा तरी."

कुणीतरी अदबीनं बाईंचा दंड धरला आणि त्यांना बसवलं. हाताला दोन्हीकडं चाकं लागली. तेवढ्यात 'कचक' असा आवाज आला. व्हीलचेअरवर बसलेल्या कालिंदीबाईंचा तो फोटो मंडळाच्या वार्षिक अहवालात आहे, पान अकरा, 'सुलभ सेवा, समाधानी नागरिक'. 'अपंग' हा सोपा शब्द होता तो काढून 'दिव्यांग' असा भारी शब्द आणला, त्याचे बोर्ड रंगवले आणि दार होतं तसं बंद ठेवलं. वर बंद दारासमोर फोटो काढून घेतला.

"तक्रार द्यायची आहे," बाई उठून म्हणाल्या.

"अवश्य. वेबसाइटवर द्या. फक्त मंडळाविरुद्धच्या तक्रारीलाही ते शेवटचं अक्षरांचं चित्र तेवढं..."

बाईंनी पुढचं ऐकलं नाही. त्यांनी घरी येऊन ब्रेलची पाटी काढली, जाड कागद अडकवला आणि टोचणीनं दोन पानी तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या आवक खिडकीवर ती जोतीराम नावाच्या कारकुनाच्या हातात ठेवली. जोतीरामनं कागद उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

"बाई, कोरा हाय ह्यो."

"भरलेला आहे. शिक्का मारा आणि पोच द्या."

नियमानं आलेला कागद परत करता येत नाही. जोतीरामनं रजिस्टरात लिहिलं : 'टोचलेले कागद, नग दोन. विषय : दिसून येत नाही.' आणि फाइल निघाली. एका टेबलावर शेरा पडला, 'कागद सच्छिद्र असल्याने बदलून मागवावा.' तिथून ती भांडार विभागात गेली. भांडार विभागानं आपल्याकडचे कागद सच्छिद्र नसल्याचा खुलासा केला आणि पुरावा म्हणून एक चांगला कागद जोडला. आरोग्य विभागानं ही वाळवी असावी असं मत दिलं. तीन आठवड्यांनी नऊ शेरे आणि सत्तावीस सह्या घेऊन गुरुप्रसाद स्वतः शिवाजी पेठेत आले.

"बाई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा."

"वाचा की."

"मला वाचता येत नाही."

"शेजाऱ्याला बोलवू? तो भरून देतो सगळं."

गुरुप्रसाद हसले नाहीत.

"आता कसं वाटतंय?" बाई म्हणाल्या. "तीन आठवडे कागद हातात आहे आणि आत काय आहे कळत नाही. तुमची वेबसाइट मला तशीच आहे. आता आत काय लिहिलंय ते सांगते. अपंगांच्या हक्कांचा दोन हजार सोळाचा कायदा आहे आणि तुमचं मंडळ त्यात बसतं. एक नोव्हेंबरच्या आत मला माझा अर्ज माझा मला भरता आला नाही, तर पुढचा टोचलेला कागद पुण्याला अपंग आयुक्तांकडं. तिथं वाचणारी माणसं आहेत."

चहा तसाच ठेवून गुरुप्रसाद गेले. मंडळाची तातडीची सभा झाली. सभेत ठरलं की बाईंना दिसत नाही, म्हणजे वेबसाइटला आवाज पाहिजे. आवाज कुणाचा? या शहरात या प्रश्नाला एकच उत्तर होतं. अख्खं मैदान ज्याच्या आवाजावर उठतं आणि बसतं, तो अमरसिंहांचा.

ऑक्टोबरात सुलभ वेबसाइटचं उद्घाटन झालं. दारात हलगी होती. संगणकाला हार होता, पडद्यासमोर लाल फीत होती. प्रमुख पाहुण्या कालिंदीबाई. त्यांच्या डोक्यावर भगवा फेटा बांधला गेला, हातात कात्री दिली गेली. फीत कुठं आहे हे सांगायला तिघे धावले आणि तिघांनी तीन ठिकाणं सांगितली. पहिल्या फटक्यात हार गेला, दुसऱ्यात माउसची वायर. तिसऱ्यात फीत कापली गेली आणि टाळ्या पडल्या.

गुरुप्रसादांनी दुसरा माउस आणून वेबसाइट उघडली आणि अमरसिंह कडाडले. प्रत्यक्षात ते पेढा खात उभे होते, कडाडत होता रेकॉर्ड केलेला आवाज.

"नमस्कार मंडळी! आणि आपण आलेला आहात मुख्य पानावर! काय ते पान, काय तो रंग! उजव्या बगलेतून घरफाळा पुढं येतोय, डाव्या बगलेत जन्म-मृत्यू दाखला, मधे मोकळी जागा, आणि हाण तिच्या मारी, सभागृह बुकिंग!"

त्याच वेळी त्या संगणकावर खास बसवलेला बाईंचा वाचक आपल्या नेहमीच्या वेगात, "चित्र चित्र बटण चित्र." दोघं एकमेकांच्या उरावर बसले. अमरसिंहांचा आवाज बंद करायचं बटण कुठंच नव्हतं. असलं तरी वाचक त्याला नुसतं 'बटण' म्हणाला असता. हलगीवाल्याला वाटलं मॅच सुरू झाली, त्यानंही ताल धरला.

"काय बाई, हाय का न्हाय भारी?" अमरसिंहांनी विचारलं.

बाईंनी डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला. माइक समोरच होता. "ही वेबसाइट कुणी बनवली?"

"मी," गर्दीतून आवाज आला. ठेकेदार सम्राट. मूळचा बिद्रीचा, धंदा फ्लेक्स छापायचा, जोडधंदा वेबसाइटचा.

"सम्राटराव, या बाबानं मला बुकिंग आहे हे ओरडून सांगितलं. बटण कुठलं दाबायचं ते सांगितलं नाही. आंधळ्या माणसाला मिरवणुकीत नाचवून रस्त्यात सोडून दिल्यासारखं झालं हे. काढा ते."

संध्याकाळी सम्राट बाईंच्या दारात उभा.

"चारचौघांत अब्रू घालवलीसा माझी. आठवडाभर राबून त्यो आवाज बसवला मी!"

"बस. चहा घेशील?"

"नको."

"आक्का, दोन चहा. सम्राट, तुझी वेबसाइट सगळी चित्रंच चित्रं कशी रे?"

"मग? फ्लेक्ससारखी केलीया. अक्षरं, रंग, फोटो, सगळं एका चित्रात बसवायचं. देखणं दिसतंय. अख्ख्या जिल्ह्यात असं पान न्हाय कुणाचं."

"बरं. परवा तू वाढदिवसाचा फ्लेक्स केलास चौकात. किती फोटो होते त्यावर?"

"शेहेचाळीस. शुभेच्छुक धरून."

"त्यातल्या एका फोटोखाली नाव घातलंच नाहीस तर?"

सम्राट दचकला. "तंगडं मोडतील की! एकदा मुरगूडच्या एका शुभेच्छुकाचं नाव ऱ्हायलं. चार दिवस दुकान उघडलं न्हाई मी."

"का? फोटो तर होता त्याचा. चेहरा दिसत होता."

"नावाबिगर फोटोला काय अर्थ हाय बाई? कोण ओळखणार त्याला?"

बाई काही बोलल्या नाहीत. आक्कांनी चहा आणून ठेवला, तरी बोलल्या नाहीत. पंचवीस वर्षं गाणं शिकवलेल्या माणसाला कुठं थांबायचं ते कळतं.

"...आयला," सम्राट म्हणाला.

"तुझ्या पानावर दोनशे फोटो आहेत आणि एकाखाली नाव नाही. वाचक ती नावंच शोधत फिरतोय. हे बटण कशाचं, हे चित्र कशाचं, हा रकाना कशाचा. पडद्यावर दिसायला नको, मागं लिहून ठेव. त्याला पोचतं."

"आणि ती वाकडी अक्षरं?"

"मी माणूस आहे हे फोनवर आकडा पाठवून विचार. फोन माझा मला वाचून दाखवतो."

सम्राटनं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि पिशवीतून लॅपटॉप काढला.

पुढचे बारा दिवस त्यानं बाईंच्या बैठकीत ठाण मांडलं. एका बाजूला पोरं आलाप घेतायत, दुसऱ्या बाजूला सम्राट बटणांची बारशी करतोय, असं आक्का म्हणाल्या आणि बहिणीच्या चेहऱ्याकडं बघून पुन्हा टीव्हीकडं वळल्या. बाई कडक. 'इथे क्लिक करा' असं नाव दिलं की परत पाठवायच्या. "इथे म्हणजे कुठे? शुभेच्छुक म्हणून नुसतं 'हा माणूस' लिहितोस का?" गल्ली येऊन सल्ले देऊन गेली. कुणी डोळ्यांचा डॉक्टर सुचवला, कुणी मंडळाच्या नादी लागू नका म्हणाला. एकानं मनापासून सुचवलं की बाईंनी संगणकाचा पडदाच मोठा घ्यावा.

एक नोव्हेंबरला सकाळी दहाला बाई खुर्चीत होत्या. आक्कांनी मालिका बंद ठेवली होती. वाचक मिक्सरच्या वेगानं बोलू लागला, बाईंची बोटं पेटीवर चालतात तशी चालली. सभागृह, तारीख, दिवसभर, संगीत सभा, माइक हवा, फोनचा आकडा, सादर करा.

"झालं," बाई म्हणाल्या.

"काय झालं?" आक्कांनी विचारलं. त्या अजून चष्मा पुसत होत्या.

आनंदाचे चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी गुरुप्रसादांचा फोन आला. आवाज फारच गोड होता, तेव्हाच बाई सावध झाल्या.

"बाई, आपल्या बुकिंगवर हरकत आली आहे. तोच रविवार तालमीला बक्षीस समारंभासाठी हवा होता. त्यांचं म्हणणं, हा अर्ज माणसानं भरलेलाच नाही. आमची नोंद पाहिली. एक्केचाळीस सेकंद. आमच्याकडं आजवरचा सगळ्यात जलद अर्ज सव्वाचार मिनिटांचा आहे. त्यात आपल्याला... म्हणजे... आपली परिस्थिती पाहता... सुनावणी घ्यावी लागेल. तोवर तारीख स्थगित."

बाईंनी फोन ठेवला. ऑगस्टात माणूस असल्याचं सिद्ध होत नव्हतं, कारण अर्ज भरता येत नव्हता. आता सिद्ध होत नव्हतं, कारण भरता येत होता. त्यांनी साडी बदलली.

मंडळाच्या कचेरीतल्या सुनावणीला हरकतदार म्हणून अमरसिंह हजर होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली होता. "बाई, मनात राग धरू नका. मी बराबर दहाला बसलोतो. यादी उघडूस्तवर तारीख गेली. पोरं माझ्यावर चिडली. माणसाला जमंल का एवढं, तुम्हीच सांगा."

"सांगत नाही. करून दाखवते. घड्याळ आहे तुमच्याकडं?"

"रेफरीचं हाय."

"लावा. आणि तुम्हीही मोबाइल काढा. दोघांनी एकदम भरायचा. जानेवारीची कुठलीही तारीख, नमुना म्हणून. गुरुप्रसाद, तुम्हीसुद्धा बसा. वेबसाइट तुमची आहे."

गुरुप्रसादांना नाही म्हणता आलं नाही. उद्घाटनाला वाचक बसवलेला संगणक बाईंपुढं ठेवला गेला. घड्याळ जोतीरामकडं दिलं. सम्राट दाराशी नखं खात उभा. जोतीरामनं शिट्टी मारली. शिट्टी कुठून आली कुणास ठाऊक.

पहिले दहा सेकंद खोलीत फक्त वाचकाची घरघर होती. पंधराव्या सेकंदाला अमरसिंहांची मान वर झाली. बाईंची बोटं त्यांना दिसली, आणि वीस वर्षं माइक धरलेल्या माणसाला ते सहन होईना. त्यांनी मोबाइल टेबलावर टाकला आणि उभे राहिले.

"आणि कालिंदीबाई निघाल्या! तारीख मारली! वेळ मारली! प्रकार, प्रकार, यादीत शिरल्यात, बाहेर पडल्या! गुरुप्रसाद सायेब अजून नावातच अडकल्यात! सायबांचा चष्मा घसरला! फोनचा आकडा आला, घेतला, टाकला! समोर कोण न्हाय, एकट्या बाई, एकट्या बाई, आणि..."

"झालं," बाई म्हणाल्या.

"अडतीस!" जोतीराम ओरडला.

बाहेरच्या रांगेतली माणसं आत डोकावली. सम्राटनं टाळी वाजवली, मग रांगेनं वाजवली. गुरुप्रसाद अजून टाईप करत होते. बरोबर पाच मिनिटांनी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "हे पिनकोडचं कुठं आहे?"

"रकान्याला नाव दिलंय सायेब," सम्राट म्हणाला. छाती दोन इंच पुढं आली होती. "वाचा की."

"हरकत मागं घेतो," अमरसिंह म्हणाले. "साफ हरलो. लिहून घ्या, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी तालमीला सभागृह मिळतंय का ते बघा." मग ते बाईंकडं वळले, आणि माइकवरचा आवाज सोडून साध्या आवाजात बोलले, "कार्यक्रमाला येऊ का बाई? मागं बसतो. कायबी बोलत न्हाई."

"या. पुढं बसा."

गुरुप्रसादांनी आदेश लिहायला घेतला : 'अर्जदार श्रीमती कालिंदी यांचे डिसेंबर महिन्याच्या तिसऱ्या रविवारचे बुकिंग कायम करण्यात येत आहे.' खाली सही केली, गोल शिक्का मारला, कागद जोतीरामकडं दिला आणि आपला सर्वांत गोड आवाज काढला. "बाई, आता घरी जा निवांत. आदेशाचा फोटो काढून मोबाइलवर पाठवतो."

कालिंदीबाई दारापर्यंत गेल्या होत्या. त्या तिथूनच वळल्या, परत आल्या, खुर्ची ओढली आणि टेबलासमोर बसल्या.

"फोटो नको," त्या म्हणाल्या. "टाईप करा. मी थांबते. मला वाचायचाय."